तुमचा चर, आमचा चर

डमडम, कलकत्ता
९ जानेवारी १९७७

ती. दत्तूमामांना सुनीतीचा साष्टांग नमस्कार. मागच्या पत्रात मी ‘नमश्कार’ लिहिला होता आणि तुम्ही त्याभोवती लाल वर्तुळ काढून पत्र परत पाठवलेत. या वेळी आईला विचारून लिहिला आहे.

मामा, तुमची ही पद्धत आमच्याकडे फार गाजते आहे. लोकांना मामांची उत्तरे येतात, मला त्याबरोबर माझीच पत्रे परत येतात, लाल शाईने न्हालेली. बाबा म्हणतात, “शाळेत गणित मी शिकवतो, पण पेपर तपासावेत ते दत्तोपंतांनी.” पण तुम्ही चुका काढल्या नाहीत तर माझे मराठी सुधारणार कसे? जन्मापासून सव्वीस वर्षे मी इथेच. घराचा उंबरठा ओलांडला की बंगाली सुरू होते.

तुम्ही विचारले होते, “मंगळाचा अभ्यास करतेस म्हणजे पत्रिका बघतेस का? इथे दोन मुलींची लग्ने मंगळामुळे अडली आहेत.” नाही मामा, त्यांना सांगा की मी त्यातली नव्हे. गेल्या जूनपासून एक यान मंगळाभोवती घिरट्या घालते आहे आणि वरून त्याच्या जमिनीचे फोटो काढते आहे. माझे मार्गदर्शक लाहिरी सर यांच्या अमेरिकेतल्या मित्राने त्यातले अकरा फोटो मोठ्या कागदावर छापून पाठवले. मी सकाळी चहा खाऊन खिडकीशी बसते, फोटोवर ट्रेसिंग पेपर घालते आणि भिंगातून जे दिसते ते रेघेरेघेने उतरवते. कुठे विवर, कुठे कडा, कुठे लाव्हाचे मैदान. त्याचा नकाशा होतो. दुपारी वीज जाते, पण माझे काम उजेडाचे असल्यामुळे काही अडत नाही.

लोक हसतात. कलकत्त्यात पायाखाली नुसता गाळ आहे. दगड पाहायचा तर रुळांमधली खडी पाहावी लागते. अशा गावात बसून ही मुलगी मंगळावरचे दगड ओळखते!

आता खरी बातमी. मंगळावर मला चर सापडले आहेत! एक नाही, तीन. एकेक चर चाळीस किलोमीटर लांब, एक टोक गोल आणि दुसरे निमुळते. हे चर पाण्याने केलेले आहेत. आज मंगळावर वाहते पाणी थेंबभरही नाही, म्हणून याचे महत्त्व. अमेरिकेत कोणी ते आधी पाहिले असणारच, पण आमच्या फोटोवर पहिले बोट मी ठेवले.

११ एप्रिलला समिती माझे काम बघणार आहे. त्यांना पटले तर शिष्यवृत्ती दोन वर्षे वाढेल. नाही पटले तर बराकपूरच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचा. त्या शाळेचे पत्र येऊन पडले आहे, १ मेला रुजू व्हा म्हणून. मामा, मला ती शाळा नको आहे. मला हे चर हवे आहेत.

पुष्पामामींना नमस्कार.

तुमची
सुनीती

*

श्रीरामपूर
२१ जानेवारी १९७७

चि. सुनीतीस दत्तूमामाचे अनेक आशीर्वाद आणि अर्धी दौत लाल शाई.

तुझे पत्र सोबत परत पाठवत आहे. चुका सतरा. गेल्या वेळी बावीस होत्या, तेव्हा प्रगती आहे. पोरी, चहा खात नाहीत, पितात. तुम्हा बंगाल्यांना पाणीसुद्धा खाण्याची सवय! आणि ‘चर पाण्याने केलेले आहेत’ हे तर अगदीच चूक. चर पाण्याने करत नाहीत, पाण्यासाठी करतात. मी खोडून दुरुस्त केले आहे.

पण बातमी वाचून मी खुर्चीतून उठलोच. एकतीस वर्षे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो आणि त्यातली वीस चरांत गेली. उसाला पाणी दे-दे देऊन जमीन चिबड झाली, वर मीठ फुटले, की आम्हाला बोलावणे यायचे. आम्ही शेतातून चर काढायचा आणि साचलेले पाणी ओढ्याला नेऊन सोडायचे. आपल्या तालुक्यातला सगळ्यात लांब चर साडेचार किलोमीटरचा आणि त्यात आमच्या नाकी नऊ आले होते. आणि मंगळावर चाळीस! तेही तीन! मी तुझ्या मामीला म्हटले, ज्याने कोणी ते काम उठवले असेल त्याच्या पाया पडले पाहिजे.

कारण चर म्हटला की खणणारा आला. हे तुझ्या लाहिरी सरांच्या लक्षात आले आहे का? समितीपुढे जाण्याआधी या तीन गोष्टी बघून ठेव. कुठलाही साहेब चरावर आला की हेच विचारतो. चराची खोली किती? उतार कुठल्या अंगाला? आणि काढलेली माती कुठे टाकली? चाळीस किलोमीटरच्या चराची माती म्हणजे डोंगर उभा राहील. तो फोटोत दिसलाच पाहिजे.

इथे वाचनालयात सांगितले तेव्हा चिटणीस म्हणाले, “ओव्हरसियरसाहेब, उन्हाळी व्याख्यानमालेत तुम्हीच बोला.” मी आधी नको नको म्हटले, पण फार ताणले नाही. २० एप्रिल नक्की झाला आहे. विषय : ‘मंगळावरील चर’. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारत नाही, त्यामुळे दोन दिवस पाय जमिनीवर नाहीत. माहिती लवकर पाठव.

तुझा
दत्तूमामा

*

डमडम
६ फेब्रुवारी १९७७

ती. मामा, सा. नमस्कार.

आई महिनाभर नागपूरला आत्याकडे गेली आहे, त्यामुळे या पत्राला तपासणारे कोणी नाही. लाल शाई जपून वापरा.

व्याख्यानाचे वाचून मी आणि बाबा खूप खूश झालो. पण तुमचे प्रश्न नीट कळले नाहीत. चरावर खोली कशी असेल मामा? मंगळावर कोणीच राहत नाही. आमच्या इथल्या चरावर असते कधीकधी. परवाच मी बजबजला लोकलने गेले आणि होडीत बसून मुद्दाम एक चर पाहून आले. नदीच्या मधोमध, चांगला माणूसभर उंच, वर कलिंगडाचे वेल आणि राखणदाराची एक झोपडी. तिला खोली म्हणायची तर म्हणा.

‘काढलेली माती’ हेही समजले नाही. चराची माती काढतात कुठे? ती तर पाणीच आणून घालते. नदीला मधे अडथळा आला की प्रवाह मंदावतो, गाळ खाली बसतो, आणि चर वर येतो. मंगळावरही तसेच झाले असणार. मी सोबत चित्र काढून पाठवते. बघा, प्रत्येक चराच्या डोक्याशी एकेक विवर आहे. उल्का पडून झालेले, वाटोळे, उंच काठाचे. पाणी त्या काठावर आपटून दोन्हीकडून गेले आणि विवराच्या मागे आडोशाला गाळ साचत साचत शेपूट तयार झाले. म्हणून एक टोक गोल आणि दुसरे निमुळते. पाण्याच्या थेंबासारखा आकार.

मग हे पाण्याने केलेले नाही तर काय? तुम्ही ‘पाण्यासाठी’ का केलेत?

तुमची
सुनीती

*

श्रीरामपूर
१६ फेब्रुवारी १९७७

चि. सुनीतीस आशीर्वाद.

अगं बाई! चरावर कलिंगडे! चित्र बघून मी डोक्याला हात लावून बसलो. तुझी मामी इतकी हसली की तिला उचकी लागली.

पोरी, मराठीत चर म्हणजे खणलेला लांबोडका खड्डा. जमिनीच्या खाली. नदीतल्या वाळूच्या उंचवट्याला आम्ही बेट म्हणतो. तुझा चर वर आणि माझा चर खाली! आणि खोली म्हणजे राहायची नव्हे, खोलपणा. त्याच अक्षरांचे दोन शब्द, आणि ते नेमके एकमेकांच्या उलटे. महिनाभर आपण दोघे मंगळाबद्दल लिहितो आहोत आणि तू टेकडीवर उभी आहेस नि मी खड्ड्यात. शैला, तुझी आई, घरी असती तर तिने एका मिनिटात सांगितले असते.

इकडे चिटणिसांनी हौसेने दोनशे हस्तपत्रके छापून गावात वाटली आहेत. ‘मंगळावरील चर : तेथील प्रगत पाटबंधारे’. ‘प्रगत पाटबंधारे’ हे त्यांचे, पण बोललो मीच होतो. बाजारात लोक विचारतात, “साहेब, तिकडं चराला सरकारी मंजुरी कोण देतं?” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ते मी निस्तरीन. पण सुनीती, चर तुझा असो की माझा, एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तुझे बेट साचलेले आहे की उरलेले?

सांगतो. आम्ही चर खणताना मधे मातीचा एक खुंट तसाच ठेवायचो. आजूबाजूची माती गेली तरी तो उभाच. त्याच्या डोक्यावर मूळची जमीन, त्यामुळे किती खोल खणले ते त्याच्यावरून मोजायचे. आमच्या टोळीत त्याला साक्षीदार म्हणत. आता कोणी परका माणूस चरात उतरला, तर त्याला वाटेल, हा मातीचा ढीग कोणी आणून घातला? खरे म्हणजे आणलेला काहीच नसतो. बाकीचे गेले म्हणून तो दिसतो.

तेव्हा तुझ्या बेटाची उंची मोज आणि पाण्याच्या वाटेच्या काठाचीही मोज. गाळ साचून झालेले बेट काठाच्या बरोबरीला क्वचितच येते. पण उरलेला खुंट असेल, तर त्याचा माथा आणि काठ एका पातळीत असतील. मी शास्त्रज्ञ नाही. मातीत राबलेल्या माणसाला पडलेला हा प्रश्न आहे.

तुझा
दत्तूमामा

ता. क. या वेळी चुका मोजल्या नाहीत. तोंड नव्हते.

*

डमडम
६ मार्च १९७७

ती. मामा, सा. नमस्कार.

तुमचे पत्र वाचून मला आधी हसू आले, मग राग आला. आमचा निबंध चौतीस पानांचा टाईप होऊन तयार आहे आणि त्यात पानापानावर ‘साचलेले’ असे लिहिले आहे. लाहिरी सर पद्मा नदीच्या काठचे. त्यांच्या लहानपणी चर एका पुरात उगवायचे आणि दुसऱ्या पुरात बुडायचे. मी तर फोटो बघताक्षणी ‘चर’ म्हणाले, आणि त्या शब्दाबरोबर गाळ आलाच. साचले की उरले, हा प्रश्न आम्हा दोघांना पडलाच नव्हता.

दोन दिवस मी तुमचे पत्र उशीखाली दडपून ठेवले. तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून मोजायला बसले.

बेटाच्या कड्याची सावली फोटोत पडलेली दिसते. त्या वेळी सूर्य आकाशात किती वर होता ते फोटोच्या मागे लिहिलेले आहे. बाबा म्हणाले, “सावली आणि सूर्य हाताशी असल्यावर उंची किती ते नववीतली मुलगी सांगेल.” तरी खात्री म्हणून त्यांनी मला गच्चीवर नेऊन आधी पाण्याच्या टाकीची सावली मोजायला लावली. मग फोटोतली. सावली भिंगाखाली जेमतेम मिलिमीटरभर! एकेक सावली मी वीसवीस वेळा मोजली.

मामा, बेट चारशे मीटर उंच आहे. कलकत्त्याच्या मैदानावर पन्नासेक मीटरचा मनोरा आहे, तसे आठ मनोरे एकावर एक. आणि पलीकडचा काठही चारशे मीटरच. तिन्ही बेटांचे तेच. थोडे इकडेतिकडे, पण माथा आणि काठ एका पातळीत.

म्हणजे माझा निबंध चूक आहे. पाण्याने तिथे काही आणून घातले नाही. पाणी सगळे घेऊन गेले आणि ही तीन बेटे उरली.

सरांना दाखवले. त्यांनी सगळे आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाले, “जुना निबंध नीटनेटका आहे, त्यावर कोणी फार विचारणार नाही. नवा लिहिलास तर प्रत्येक जण विचारेल. आणि उंची सारखी असणे हा योगायोगही असू शकतो. आणखी एक पुरावा हवा. आता तू ठरव.” समितीत बंगलोरचे एक गृहस्थ आहेत. ते म्हणतात, दगड हातात घेतल्याशिवाय भूशास्त्र होत नाही, फोटो बघणे हा मुलींचा छंद आहे. त्यांच्यापुढे ऐन वेळी मत बदलून उभी राहू?

मला भीती वाटते मामा. तुम्ही काय केले असते?

तुमची
सुनीती

*

श्रीरामपूर
१५ मार्च १९७७

चि. सुनीतीस पुष्पामामीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. तुझे पत्र आल्यापासून यांनी परसात काय मांडले आहे ते तुला कळवायलाच हवे. माझा कोथिंबिरीचा वाफा गेला. त्यात माती ठोकून ठोकून घट्ट बसवली, मधे माझी पितळी वाटी पालथी रोवली, आणि वरून नळी सोडून पाणी वाहवले. का, तर म्हणे मंगळ.

पहिल्यांदा सगळे वाहून गेले, वाटीसकट. दुसऱ्यांदा चिखल झाला. तुला कळवायला नको म्हणाले, “पोरीला उगाच भलतेच सांगितले की काय.” जेवणावर लक्ष नाही. मग माती बदलली, चिकण आणून दोन दिवस वाळवली. काल चार वाजता मला हाका मारू लागले. जाऊन बघते तर पाण्याने दोन्ही बाजूंनी माती कापून नेली होती आणि वाटीच्या मागे शेपूट उरले होते, अगदी तू काढलेल्या चित्रासारखे. हे त्याच्यासमोर उकिडवे बसले होते आणि डोळ्यांत पाणी. मला म्हणाले, धूळ गेली. चिखलात धूळ कुठली?

तू ठरवायचे ते ठरव. पण हा माणूस निवृत्त झाल्यापासून असा हसलेला मी पाहिला नव्हता, एवढेच सांगायचे होते. वाटी परत मिळाली. कोथिंबीर गेली ती गेली.

तुझी
पुष्पामामी

*

श्रीरामपूर
२४ मार्च १९७७

चि. सुनीतीस आशीर्वाद. पाडव्याच्या शुभेच्छा उशिरा, पण मनापासून.

वाफ्याची बातमी तुला गेली हे मला समजले आहे. आता ताकाला जाऊन भांडे कशाला लपवू? हो, वाटीमागे शेपूट उरले. पण वाटी म्हणजे मंगळ नव्हे. समितीला वाटी दाखवू नकोस, हसतील.

तू विचारलेस मी काय केले असते. नोकरीच्या सुरुवातीची एक गोष्ट सांगतो. एका चरावर मी मोजमापाला गेलो. ठेकेदाराने दाखवलेला साक्षीदार चांगला सात फुटी होता. मी वहीत सात लिहिणार, एवढ्यात आमचा म्हातारा मुकादम कानाशी लागला, “सायेब, साक्षीदाराची टोपी काढून बघा.” मला कळेना. त्याने खुंटाच्या डोक्यावर फावडे मारले तर वरची फूटभर माती भुसभुशीत निघाली. खुंट उंच दिसावा म्हणून रातोरात वर माती घातलेली. मुकादम म्हणाला, “खऱ्या साक्षीदाराच्या डोक्यावर जुनं गवत असतंय, मुळासकट. नवीन मातीला गवत कुठलं?”

तेव्हापासून मी उंची नंतर मोजायचो आणि गवत आधी बघायचो.

मंगळावर गवत नाही हे मला माहीत आहे. पण जुन्या जमिनीवर काही तरी जुने असेलच की, जे नव्या जमिनीवर नसते. तुझ्या बेटांच्या डोक्यावर आणि काठावरच्या रानात तेच एक ‘गवत’ सापडले, आणि मधल्या पाण्याच्या वाटेवर ते नसले, तर तुझे साक्षीदार खरे. नसेल सापडत, तर मी चुकलो आणि तुझा जुना निबंध बरा. दोन्हीपैकी जे दिसेल ते लिही. मी त्या दिवशी वहीत सहा लिहिले आणि ठेकेदार वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मला झोप मात्र चांगली लागली.

आणि हो, जानेवारीतले तुझे पत्र, मी दुरुस्त करून परत पाठवलेले, ते मला पाठवून दे. कारण विचारू नकोस.

तुझा
दत्तूमामा

*

डमडम
१३ एप्रिल १९७७

ती. मामा, ती. मामी, दोघांना साष्टांग नमस्कार, आणि मामींच्या वाटीलाही.

गवत सापडले!

तुमचे पत्र मी ट्राममध्ये वाचले आणि उतरायचा थांबा चुकले. मंगळावरचे गवत म्हणजे बारीक विवरे, मामा! लहानसहान उल्का सारख्या पडत असतात. जमीन जितकी जुनी, तितके तिच्यावर जास्त खळगे. मी सारख्या मापाचे तीन तुकडे आखले आणि मोजले. काठावरच्या जुन्या मैदानावर चव्वेचाळीस. बेटांच्या माथ्यांवर मिळून एकेचाळीस. आणि मधल्या पाण्याच्या वाटेवर फक्त नऊ. बेटांच्या डोक्यावर तेच जुने गवत होते, मुळासकट.

मग मी निबंध फाडला नाही, पण बाजूला ठेवला. नवा अकरा पानांचा झाला. सरांनी वाचला आणि स्वतः जाऊन माझ्यासाठी संदेश मिठाई घेऊन आले.

परवा समितीपुढे उभी राहिले. बंगलोरच्या त्या गृहस्थांनी सुरुवातीलाच विचारले, “हा दगड तुम्ही कधी हातात घेतलाय?”

“नाही.”

“मग बेट साचलेलं नाही, उरलेलं आहे, हे कशावरून?”

मी आधी सावल्या सांगितल्या. ते म्हणाले, योगायोग. मग मला काय झाले कोणास ठाऊक, मी म्हणाले, “माझे मामा ओव्हरसियर होते. त्यांचे मुकादम म्हणायचे, साक्षीदाराची टोपी काढून बघा.” आणि सगळी गोष्ट सांगितली. खुंट, ठेकेदार, गवत. बाकीचे चौघे हसले. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून भिंग घेतले, फोटो खिडकीशी नेला आणि माथ्यांवरची विवरे स्वतः मोजू लागले. त्यांचा चहा गार झाला.

शेवटी भिंग खाली ठेवून ते म्हणाले, “बेचाळीस. तुम्ही एक सोडलंय.”

मामा, शिष्यवृत्ती दोन वर्षे वाढली! बराकपूरच्या शाळेला मी नम्र पत्र लिहिले. ते मात्र बंगालीत, म्हणजे चुका नाहीत. नकाशावर बेटांना नाव द्यायची सोय नसते, नाहीतर मी एकाला तरी तुमच्या मुकादमांचे दिले असते. त्यांचे नाव काय होते?

जूनमध्ये मी श्रीरामपूरला येते आहे. मला लाव्हाचा खराखुरा काळा दगड हातात घ्यायचा आहे आणि तुमचा एक चर बघायचा आहे, खाली असलेला.

जानेवारीचे पत्र सोबत आहे. कारण विचारत नाही. पण व्याख्यानाचे काय करणार? मला तुमचीच काळजी लागली आहे.

तुमची
सुनीती

*

श्रीरामपूर
२२ एप्रिल १९७७

चि. सुनीतीस मामा-मामीचे अनेक अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी वाचनालयाच्या पायरीवर मोठ्याने वाचले. ‘बेचाळीस’ला चिटणिसांनी टाळी वाजवली. मुकादमाचे नाव गेनू. तो जाऊन दहा वर्षे झाली. त्याच्या मुलाला जाऊन सांगितले की, तुझ्या बापाचे बोलणे कलकत्त्यात मोठमोठ्या लोकांनी ऐकले. तो म्हणाला, “बाबा घरात बोलायचं तर कोणी ऐकत नव्हतं.”

आता व्याख्यान. दीडशे माणसे होती. पाटबंधाऱ्यांची हवा गावभर झालेली. मी उभा राहिलो आणि पहिलेच वाक्य बोललो, “मंडळी, हस्तपत्रकात एक चूक आहे आणि ती माझी आहे.” मग तुमचा चर आणि आमचा चर सांगितला. कलिंगडे सांगितली. चरावरची खोली सांगितली तेव्हा लोक पोट धरून हसले. नंतर परातीत ठोकून बसवलेली माती, मामीची वाटी आणि तांब्याभर पाणी घेऊन सगळ्यांसमोर करून दाखवले. शेपूट उरले! मागचे लोक बाकावर चढून बघत होते.

शेवटी एक म्हातारे शेतकरी उठले. म्हणाले, “समदं खरं. पण एवढं मोठं पाणी, गेलं कुठं?” मी म्हटले, “मला माहीत नाही. माझी भाची कलकत्त्यात बसून तेच शोधते आहे, तिला दोन वर्षे मिळाली आहेत.” ते म्हणाले, “बरं हाय. सापडलं तर एक पाळी आमच्या उसाला सोडायला सांगा.”

जूनमध्ये जरूर ये. इथे घराबाहेर पडलीस की काळ्या दगडाला ठेच लागते, मुद्दाम शोधावा लागणार नाही. मामीने कोथिंबीर पुन्हा लावली आहे आणि वाफ्याभोवती काटेरी कुंपण घातले आहे, माझ्यासाठी. आलीस की तुझ्याबरोबर मी चहा खाईनसुद्धा.

तुझे जानेवारीचे पत्र सोबत परत पाठवतो आहे. त्यात ‘हे चर पाण्याने केलेले आहेत’ असे तू लिहिले होतेस आणि मी ‘पाण्याने’ खोडून वर ‘पाण्यासाठी’ केले होते. तुझे बेटही पाण्याने केले आणि त्याच्या दोन्ही अंगांचे माझे चरही पाण्यानेच केले. आज माझी लाल शाई मी निळ्या शाईने खोडली आहे. उभ्या आयुष्यात असे पहिल्यांदा करतो आहे, म्हणून खाली सहीसुद्धा केली आहे.

त्या पत्रात चुका सतरा नव्हत्या. सोळा होत्या.

तुझा
दत्तूमामा